दोन ग्रे, एक हॉल: गिऱ्हाईक "यातला कुठला?" विचारतं तेव्हा काउंटरवर काय करायचं



मागच्या व्हिडिओत मी दोन ग्रे रंगांची कार्डं कॅमेऱ्यासमोर धरली होती. त्यावर बऱ्याच जणांनी कळवलं, "मॅडम, दोन्ही एकच दिसतायत." बरोबरच आहे. मोबाइलचा कॅमेरा पांढरं काय हे स्वतःच ठरवतो आणि त्या हिशोबाने सगळे रंग सरकवतो. पुढे तुमच्या स्क्रीनचा ब्राइटनेस, वर नाईट मोड. एवढ्या चाळण्यांतून गेल्यावर दोन जवळच्या रंगांतला फरक शिल्लक राहत नाही. म्हणून हा विषय लिहूनच सांगते. हे वाचल्यावर गिऱ्हाइकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोवरून रंग ठरवायला तुम्ही स्वतःच नकार द्याल.

लेख मुख्यतः रंगाचं किंवा हार्डवेअरचं दुकान असणाऱ्यांसाठी आहे. पेंटिंगची कामं घेणाऱ्यांनाही चालेल. घर रंगवायला काढलं असेल तर तुम्हीही वाचा, फक्त दुकानदाराच्या खुर्चीत बसून वाचावं लागेल.

लाल घेऊ की निळा, असं विचारत कुणी दुकानात येत नाही. अडकलेलं गिऱ्हाईक नेहमी दोन सारख्याच रंगांत अडकलेलं असतं. दोन ऑफ-व्हाइट, दोन ग्रे, दोन बिस्किट. अर्धा तास फॅनडेक चाळतं, बायको-मुलांना फोन लावतं आणि शेवटी आपल्याला विचारतं, "तुम्हीच सांगा, यातला कुठला?" इथे दहापैकी नऊ दुकानदार एकावर बोट ठेवतात. गर्दी असते, मागे सिमेंटवाला उभा असतो, मी समजू शकते. पण ते बोट महागात पडतं.

आम्हाला बीबीएला कन्झ्युमर बिहेविअरमध्ये लिऑन फेस्टिंगरचा १९५७ चा कॉग्निटिव्ह डिसोनन्सचा सिद्धांत होता. तेव्हा पाठ करून लिहिला, दुकानात बसल्यावर कळला. निवड केल्यावर माणसाच्या मनात खटका राहतो, आणि सोडून दिलेला पर्याय घेतलेल्या पर्यायाइतकाच चांगला असेल तर तो खटका मोठा असतो. दोन जवळचे ग्रे म्हणजे नेमकी हीच परिस्थिती. भिंतीवर एक हात बसला की रात्री नऊला फोन येतो, "अहो, तो दुसराच बरा होता का?" आणि रंग तुम्ही सुचवलेला असेल तर ते वाक्य "तुम्ही सांगितलात म्हणून घेतला" असं सुरू होतं.

तोवर डबा टिंट झालेला असतो. बेसमध्ये एकदा स्टेनर पडला की तो बाहेर काढता येत नाही. कंपनी परत घेत नाही आणि दुसरं गिऱ्हाईक नेमकी तीच छटा मागत नाही. तो डबा एकतर तुमच्या रॅकवर पडून राहतो, नाहीतर गिऱ्हाइकाच्या मनात.

आता प्रत्यक्ष दोन रंग घेऊ. अमेरिकेतल्या शेरविन-विल्यम्स कंपनीच्या दोन छटा इंटरनेटवर फार फिरतात: अॅग्रिएबल ग्रे, नंबर एसडब्ल्यू ७०२९, आणि रिपोज ग्रे, नंबर एसडब्ल्यू ७०१५. ज्यांची मुलं तिकडे आहेत ते पालक हल्ली हीच नावं घेऊन येतात. आपल्याला हे उदाहरण सोयीचं आहे, कारण दोन्हींचे आकडे उघड आहेत.

पहिला आकडा एलआरव्हीचा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो. पूर्ण काळा ० आणि पूर्ण पांढरा १००. अॅग्रिएबल ६०, रिपोज ५८. दोनचा फरक. "हा जरा गडद आहे" एवढं जेमतेम म्हणता येईल, त्यावर निर्णय होत नाही.

दुसरे आकडे स्क्रीनवरच्या लाल, हिरव्या आणि निळ्याचे. अॅग्रिएबल २०९, २०३, १९३. रिपोज २०४, २०१, १९२. तिन्ही आकडे सारखे असते तर रंग शुद्ध ग्रे झाला असता. इथे दोन्हींत निळा कमी आहे, म्हणजे दोन्ही थोडे पिवळट, थोडे मातकट. अॅग्रिएबलमध्ये लाल आणि निळ्यातलं अंतर १६, रिपोजमध्ये १२. म्हणजे अॅग्रिएबल बिस्किटाकडे झुकलेला ग्रे आणि रिपोज त्याहून ग्रेच्या जवळचा. या झुकण्याला मी झाक म्हणते. छटा म्हणजे कार्डावर दिसणारा रंग, झाक म्हणजे त्याच्या पोटात दडलेला दुसरा रंग. न्यूट्रल रंगाची सगळी भांडणं झाकेवरून होतात.

(हे आकडे समजून घेण्यापुरते. मोबाइलवरून आकडे वाचून मशीनमध्ये रंग बनवायला जाऊ नका. आणि आपल्या फॅनडेकमध्ये जवळची छटा सापडली तर ती "जवळची" म्हणूनच विका. "सेम टू सेम अमेरिकेचा" म्हणून विकलात तर पुढचं तुम्ही बघा.)

झाक ओळखायची सोपी रीत: कार्डाखाली कोरा पांढरा ए-फोर कागद ठेवा, शेजारी दुसरं कार्ड. एकटा ग्रे डोळ्याला ग्रेच दिसतो. पांढऱ्यावर आणि जोडीदाराशेजारी ठेवला की एक पिवळट आणि दुसरा थंड हे लगेच कळतं. हे काउंटरवर, गिऱ्हाइकाच्या हातांनी करून घ्या. आपण सांगू नका, त्यालाच म्हणू द्या, "हां, हा जरा बिस्किटी आहे."

मात्र शेजारी-शेजारी ठेवण्याचा उपयोग एवढाच. फरक काय आहे ते कळतं. निवड त्यावरून करायची नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच घसरते. हॉलमध्ये तो दुसरा रंग शेजारी कधीच नसणार. चारही भिंतींवर एकच रंग असणार, आणि त्याच्या शेजारी असणार फरशी, सोफा, दरवाजा, पडदे. खोलीत लागणारी तुलना या वस्तूंशी आहे.

यावर एक जुनी गोष्ट आहे, दुकानदाराने लक्षात ठेवावी अशी. पॅरिसला गोबेलँ नावाचा गालिचे आणि भिंतपडदे विणायचा मोठा सरकारी कारखाना. १८२४ मध्ये मिशेल यूजेन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तक्रार होती की काळं सूत पुरेसं काळं वाटत नाही, फिकं पडतं. शेव्रलनी सूत तपासलं तर रंगाईत दोष नव्हता. ते काळं सूत निळ्या-जांभळ्या सुताशेजारी विणलं जात होतं, म्हणून डोळ्याला फिकं वाटत होतं. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध रंगाची झाक समोरच्यावर टाकतो. या विषयावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे येणाऱ्या "डब्यातला रंग वेगळा निघाला" या तक्रारींतल्या पुष्कळशा याच जातीच्या असतात. डबा बरोबर असतो, शेजारी फरशी असते.

म्हणून "यातला कुठला?" याला माझं उत्तर ठरलेलं आहे: "तुमच्या हॉलला फरशी कुठली?"

पिवळ्याच्या विरुद्ध निळा-जांभळा. आपल्याकडे गेल्या वीसेक वर्षांत बांधलेल्या किती घरांत दोन बाय दोनची क्रीम व्हिट्रिफाइड फरशी आहे ते आठवा. त्या पिवळट फरशीशेजारी थंड ग्रे आणखी थंड होतो, कधी चक्क जांभळट दिसतो. उलट शहाबादी फरशी करडी-निळसर. तिच्यावर थंड ग्रे शांत बसतो आणि बिस्किटी ग्रे मळल्यासारखा वाटतो. सागवानी पॉलिशचं लाल-तपकिरी फर्निचरही असंच ओढतं, त्याच्याजवळ रंग थोडा हिरवट भासतो. आणि पूर्ण पांढरे दरवाजे-चौकटी असल्या तर झाक आणखी उघडी पडते.

एक प्रसंग सांगते, म्हणजे हे सगळं एका खोलीत कसं येतं ते दिसेल.

माझं दुकान कराडला. दिवाळीच्या आधीचे दिवस होते, सप्टेंबर. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि काकू आले. मुलगा टेक्सासमध्ये ऑस्टिनला. त्याच्या नव्या घरात रिपोज ग्रे आहे, त्याने फोटो पाठवलेला, आणि काकांनी त्याला सांगून टाकलेलं की दिवाळीला आपलाही हॉल तसाच करतो. सुनेचं म्हणणं, अॅग्रिएबल ग्रे करा. आमच्या फॅनडेकमधल्या दोघांच्या जवळच्या छटा मी काढून दिल्या. काका म्हणाले, "मुलाचाच करू." काकू काही बोलल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, दहा वर्षांनी एकदा रंग निघतोय. एवढे पैसे घालून हॉस्पिटल नको व्हायला."

हे "हॉस्पिटल" नीट ऐका. गिऱ्हाइकाला झाक, एलआरव्ही हे शब्द येत नाहीत, पण त्याची भीती अगदी अचूक असते. "हॉस्पिटल" म्हणजे थंड झाक जास्त. "मळका" म्हणजे पिवळी किंवा लाल झाक फरशीशी भांडतेय. "धर्मशाळा" म्हटलं की समजा उजेड कमी पडतोय. आमच्या काउंटरवरच्या मुलांना मी हा शब्दकोश पाठ करायला लावलाय.

काकांच्या हॉलला क्रीम फरशी. सागवानी सोफा. खिडकी एकच मोठी, उत्तरेला. छताजवळ दोन एलईडी बॅटन, दोन्ही ६५०० केल्विनचे. हे ऐकल्यावर मला उत्तराचा अंदाज आला होता, पण मी दिला नाही. मी सांगितलं, दोन्हींचा एकेक लिटर न्या, पैसे पूर्ण लागतील, मोठा डबा इथून घेतलात तर त्यातल्या न वापरलेल्या रंगाचे पैसे बिलात वळते करते. आमच्या मुलाने दोन फूट बाय दोन फुटांच्या दोन हार्डबोर्डना प्रायमर मारून दोन-दोन हात दिले आणि वाळल्यावर घरी नेऊन दिले. सूचना एकच: दोन्ही बोर्ड एकत्र ठेवायचे नाहीत. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरा. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, जागा बदलत. खाली फरशीला टेकवून एकदा, सोफ्यामागे एकदा.

दोन दिवसांनी काकूंचा फोन. मुलाचा रंग दुपारी छान दिसला. संध्याकाळी बॅटन लावले की जांभळट होतो. "म्हटलं होतं ना, हॉस्पिटल." काका अजून अडलेले. त्यांनी दोन्ही बोर्ड व्हिडिओ कॉलवर मुलाला दाखवले तर तो म्हणाला, "बाबा, दोन्ही सेमच आहेत की." म्हणजे ज्याच्यासाठी हट्ट चालला होता त्याला फरक दिसतच नव्हता.

मी एक बॅटन बदलून ४००० केल्विनचा लावून बघायला सांगितलं. जांभळेपणा कमी झाला, पण फरशीजवळ राहिलाच. काकू म्हणाल्या, "आता काय फरशी बदलायची?" झालं. हॉलला बिस्किटी ग्रे लागला, दिवे ४००० चे झाले. हॉल १२ बाय १४, उंची १०. भिंती ५२० चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता साधारण ४६०. दोन हातांना ४ लिटर पुरला. थंड ग्रेचा जवळजवळ अख्खा लिटर उरला होता, तो काकांनी परत केला नाही. मुलाच्या जुन्या खोलीत अजून शहाबादी फरशी आहे आणि पिवळा दिवा. तिथल्या पलंगामागच्या भिंतीला तो लावला. मी नंतर जाऊन पाहिला, तिथे तो रंग अप्रतिम दिसतो.

आता उजेडाचं थोडं सविस्तर, कारण इंटरनेटवरचा सल्ला इथे आपल्याला फसवतो. अमेरिकन व्हिडिओत सांगतात, उत्तरेच्या खोलीत थंड, निळसर उजेड असतो. ते ढोबळपणे खरं आहे. पण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो. कराडसारख्या ठिकाणी साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीत तिरकं ऊनही येतं. टेक्सासमध्ये दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. शिवाय त्यातले बरेच दिवस आपल्याकडे ढगांत जातात, आणि ढगाळ उजेड सगळंच करडं करतो.

धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं इथे आहे. आपला सीझन गणपती-दिवाळीचा. लोक रंग निवडतात ऑगस्ट-सप्टेंबरच्या ढगाळ उजेडात, बाहेर झाडं हिरवीगार असतात आणि त्यांचा हिरवा परावर्तित उजेड खोलीत येतो. राहतात मात्र पुढचे आठ महिने कोरड्या, पिवळ्या उन्हात. पावसाळ्यात फिका आणि थंड वाटलेला ग्रे ऑक्टोबरच्या उन्हात उबदार होतो. म्हणून पावसाळ्यात नमुना पाहणाऱ्याला एक तरी उघडीप मिळेपर्यंत थांबवा. पश्चिमेची खोली असेल तर नक्कीच, चारनंतरच्या उन्हात बिस्किटी ग्रे चांगलाच पिवळा पडतो.

दिव्यांचं सोपं आहे. २७०० ते ३००० केल्विन पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. तिकडच्या घरांत बहुधा पिवळसर दिवे असतात, आपल्याकडे बहुतेक हॉलमध्ये ६५०० चे. तोच रंग इकडे थंड दिसतो त्याचं अर्धं कारण हे. तुमच्या काउंटरवर तिन्ही प्रकारचे बल्ब असलेली एक छोटी उघडी पेटी ठेवा. सुताराकडून प्लायची बनवून घेतली तरी चालते, आतून पांढरी. कार्ड आत धरायचं आणि बटणं दाबायची. गिऱ्हाईक स्वतः बघतं. सोबत बल्बही विकला जातो, ते वेगळं.

नमुन्याचे काही नियम. भिंतीवर थेट पट्टा मारू नका. मागचा जुना रंग शेजारी दिसत राहतो आणि शेव्रलवाली गडबड होते. बोर्डच वापरा. एका हातावर निर्णय नको, खालचा रंग डोकावतो. इमल्शन ओलं असताना साधारणपणे फिकं दिसतं, वाळल्यावर गडद होतं, म्हणून पूर्ण वाळू द्या. जे फिनिश भिंतीला लागणार तेच बोर्डाला: मॅटमधली छटा आणि चमकवाली छटा एका नंबरची असूनही वेगळी दिसते. आणि झाक बोर्डावर दिसते त्याहून खोलीत जास्तच दिसेल हे आधीच सांगून ठेवा, कारण चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात.

मी सर्वात छोट्या पॅकऐवजी लिटरचा नमुना का देते, हे मशीनवर काम करणाऱ्यांना कळेल. फिक्या न्यूट्रलमध्ये काळा, पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड असे स्टेनर थेंबा-थेंबाने पडतात. पॅक जितका लहान तितका तो थेंब लहान, आणि मशीन एका मर्यादेपेक्षा कमी माप अचूक सोडू शकत नाही. छोट्या डब्यात काळा स्टेनर किंचित कमी-जास्त झाला की झाक बदलते. मग मंजूर झालेला नमुना एक आणि मोठा डबा दुसरा. लिटरमध्ये हा धोका बराच कमी होतो.

त्याच कारणाने, कामाला दोन-तीन डबे लागणार असतील तर ते सगळे मोठ्या ड्रममध्ये एकत्र ओतून हलवायला पेंटरला सांगा. वेगवेगळ्या वेळी टिंट केलेले डबे एकाच भिंतीवर आले तर मधोमध रेघ दिसते. गडद रंगात खपून जातं, ग्रेमध्ये अजिबात नाही.

बिलावर हे लिहा: प्रॉडक्टचं नाव, छटेचा नंबर, बेस, फिनिश, पॅक, तारीख. मशीनमधून निघालेली फॉर्म्युल्याची चिठ्ठी बिलाच्या प्रतीला लावून ठेवा. मंजूर बोर्डाचा हातभर तुकडा कापून मागे गिऱ्हाइकाची सही आणि तारीख, तो तुकडा दुकानात. दोन वर्षांनी गळतीमुळे एक भिंत खराब झाली आणि काका परत आले तर तेव्हा शोधाशोध नको. नमुन्याचे पैसे आधी घ्याच. फुकट नमुना घरी कोपऱ्यात पडून राहतो. विकत घेतलेला नमुना माणूस तिन्ही वेळा बघतो.

या आठवड्याचं काम: तुमच्या दुकानात सर्वात जास्त विचारल्या जाणाऱ्या दोन ऑफ-व्हाइट किंवा ग्रे छटा निवडा. दोन्हींचे बोर्ड करा. क्रीम व्हिट्रिफाइडचा एक तुकडा आणि शहाबादीचा एक तुकडा फरशीवाल्याकडून मागून आणा, तो तुटलेला देईल, फुकट देईल. काउंटरच्या मुलाला प्रत्येक बोर्ड दोन्ही तुकड्यांशेजारी धरायला सांगा आणि त्याला काय दिसलं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. पुढच्या व्हिडिओत मी पेटी बनवायची मापं दाखवते.